अकरा नंबरचा गुडघा

माणसाला कुठं उभं करायचं हे ज्याला कळलं, त्यानं जग जिंकलं. राज्यं याच ज्ञानावर उभी राहिली आणि ते विसरल्यावर बुडाली.

हे वाक्य कोल्हापुरातल्या तोफखाना तालमीच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं आहे. रंग एका पेंटवाल्यानं फुकट दिला, म्हणून वाक्यापेक्षा त्याचा फोन नंबर मोठा आहे. त्याच्याही खाली माणसानं कुठं उभं राहू नये याबद्दल एक सूचना आहे आणि ती आजवर कोणी पाळलेली नाही.

सन २०४१मध्ये या तालमीच्या फुटबॉल संघात कोणाला कुठं उभं करायचं, हे सुहास इंगवले ठरवत असे. सुहास सेहेचाळीस वर्षांचा होता. पाणीपुरवठ्यात नोकरीला होता. कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती वाजता उघडायचा याचं वेळापत्रक लावायचा. आयुष्यात त्यानं मारलेला एकही चेंडू सरळ गेलेला नव्हता. शाळेत असताना मात्र गेम पार्लरमध्ये बसून त्यानं पडद्यावर जगातले सगळे चषक जिंकले होते, आणि त्याबद्दल वडिलांचा मार खाल्ला होता. तेहतीस वर्षांनी त्या शिक्षणाचं चीज झालं.

झालं असं, की पूर्वी सामन्याच्या आदल्या दिवशी हाणामाऱ्या व्हायच्या. विरोधी तालमीशी नव्हे, आपापसांत. माझा भाऊ का बाहेर बसवला, त्याचा पुतण्या का घेतला. एका मोसमात तर एका संघाचे अकरापैकी चार खेळाडू सामन्याआधीच जायबंदी झाले, तेही आपल्याच पेठेत. मग स्पर्धेच्या समितीनं नियम काढला. सामन्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत प्रत्येक तालमीनं 'अकरा' नावाच्या व्हिडिओ गेममध्ये आपला संघ आणि त्याची मांडणी भरायची. सहाला कुलूप. पंचांच्या हातात जी यादी येईल ती थेट गेममधून येईल. भांडायचं असेल त्यानं पडद्याशी भांडावं.

त्यामुळे जो गेम चांगला खेळतो तोच खरा संघ लावणार, हे ओघानं आलं.

आता हा गेम साधा नव्हता. खेळाडूंना एक काळा, गुडघ्याखाली चार बोटं उतरणारा घट्ट जांघिया मिळे. त्याच्या कापडात केसासारख्या बारीक तारा विणलेल्या असत. पाय वाकला की तार वाकते, तार वाकली की नखाएवढी वीज निघते आणि त्या विजेवरून पायाची चाल कळते. एवढंच नाही. सांध्यातली कूर्चा झिजली की हाडं एकमेकांवर घासतात, आणि जुन्या दाराची बिजागरी जशी कुरकुरते तसा सांधा कुरकुरतो. आपल्या कानाला ते ऐकू येत नाही. जांघियाला येतं. दिवसरात्र तो घातला की हळूहळू त्या खेळाडूचं एक प्रतिरूप गेममध्ये तयार होतं, त्याच्याच पायांचं, त्याच्याच दमाचं, त्याच्याच खोडींचं. कंपनी त्याला काहीतरी लांबलचक नाव देई. तालमीत त्याला 'सोंग' म्हणत.

मांडणी भरली की ही सोंगं चहाला उकळी येईपर्यंत शंभर सामने खेळत. मग पडदा सांगे, शंभरातले इतके जिंकाल, इतके हराल, अमुक खेळाडूचा घोटा इतक्या वेळा मुरगळेल. हे भविष्य नव्हे, शक्यता आहे, असं कंपनी बजावून सांगे. पण शंभरातले अठ्ठावन्न असा आकडा घरच्या माणसाबद्दल दिसला, की शक्यता वगैरे सगळं विसरून माणूस पत्रिका शोधायला लागतो.

सुहासला हा आकडा अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी अकराला दिसला. माणूसही घरचाच होता. अकरा नंबर, लेफ्ट विंग, शिवतेज खराडे ऊर्फ तेजा. सुहासच्या बायकोचा धाकटा भाऊ.

पडद्यावर तेजाचं सोंग डाव्या बगलेनं चेंडू घेऊन निघालं, आत वळलं आणि बसलं. उजवा गुडघा. त्रेसष्टावं मिनिट. सुहासनं पुढचा सामना लावला. सत्तरावं मिनिट. त्याच्या पुढचा. सहासष्टावं.

जिंकण्याची शक्यता एकसष्ट. तेजाचा गुडघा जाण्याची, अठ्ठावन्न.

"अहो, जिंकताय न्हवं?" वृषालीनं आतून विचारलं. ती रक्त तपासायच्या, पहाटे सहाला उघडणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. शनिवारी अर्धा दिवस करून नुकतीच आली होती.

"जिंकतोय," सुहास म्हणाला.

"मग तोंड असं का?"

सुहासनं पडदा तिच्याकडे वळवला.

तेजासाठी हा सामना काय होता ते दोघांनाही ठाऊक होतं. सरकारच्या एका खात्यात क्रीडा कोट्यातली एक जागा निघाली होती. अटी दोन. वय तीसच्या आत, आणि मान्यताप्राप्त स्पर्धेचा अंतिम सामना पूर्ण वेळ खेळल्याची यंत्रनोंद. खोटी प्रमाणपत्रं ढिगानं निघायला लागल्यापासून खातं कागदावर विश्वास ठेवत नसे. जांघिया काय सांगतो ते बघे. तेजाला मे महिन्यात तीस पूर्ण होत होती. हा एप्रिल होता. तालीम अंतिम फेरीत पोचायला नऊ वर्षं लागली होती. आणि कळंब्याच्या एका मुलीचे वडील म्हणाले होते, ऑर्डर दाखवा, दुसऱ्या दिवशी हॉल बघतो.

वृषालीनं तीन सामने उभ्यानं पाहिले. तिन्ही वेळा भाऊ बसला.

"नमुना त्याचाच आहे ना?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"आमच्याकडं एखाद्याचा रिपोर्ट असा विचित्र आला, तर आम्ही आधी बाटलीवरचं नाव बघतो."

"जांघियावर नंबर असतोय. अकरा. अंतिम सामन्यासाठी दहा दिवसांपूर्वी सगळ्यांना नवे कोरे दिलेत. यंत्र शेवटच्या दहा दिवसांना जास्त महत्त्व देतं."

"दहा दिवसांत गुडघा एवढा बिघडतो?"

"बाकीचंही बिघडलंय. हे बघ. झोप. रात्री तीनदा उठतो. पहाटे चारला एकदम जागा."

 रात्री तीनदा उठणारा भाऊ बहिणीला जितका कळतो, तितका वृषालीला कळला. पोरगं ताण घेतंय.

"बसवा त्याला," ती म्हणाली.

"नोकरी?"

"पाय राहिला तर नोकरी. उद्या मैदानात पडला तर पूर्ण वेळ तरी कुठं खेळला?" तिनं दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आणि मी सांगितलं म्हणून सांगू नका."

म्हणजे निर्णय बायकोचा आणि वैर मेहुण्याचं. सुहासला संसाराची ही मांडणी ओळखीची होती.

त्यानं तेजाला काढून दुसरा पोरगा घातला. जिंकण्याची शक्यता एकसष्टवरून अडतीसवर आली. त्यानं सहा वाजेपर्यंतचे तास मोजले. सात होते. कुलूप लावायचं बटण पडद्याच्या कोपऱ्यात हिरवं दिसत होतं. त्यानं हात मागे घेतला.

*

तेजा एक वाजता जेवायला आला. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी बहिणीच्या हातचं खायचं, हा त्याचा नेम होता. तांबडा रस्सा ओरपताना तो इतका आनंदात होता, की सुहासला समोर बसवेना.

"दाजी, चार-तीन-तीनच न्हवं?"

"बघतोय."

"बघायचं काय त्यात? मला डावीकडनं सोडायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या."

"तेजा, गुडघा कसा आहे?"

"कुठला?"

"उजवा."

"झ्याक."

फुटबॉल खेळणाऱ्याला गुडघा कसा आहे विचारणं म्हणजे उमेदवाराला निवडून येणार का विचारण्यासारखं आहे. उत्तर एकच असतं. सुहासनं दुसऱ्या बाजूनं चाल केली.

"रात्री तीनदा उठतोस का रे?"

तेजाचा घास हातात राहिला. कान लाल झाले. "कोण सांगितलं? ताई, तू सांगितलंस?"

"मी कशाला सांगू?"

"मग हे यंत्र ते पण सांगतंय?" त्यानं आवाज खाली आणला. "दाजी, तिचे वडील जागे असत्यात ओ. मग ती रात्रीच फोन करती. तीनदा म्हणजे रोज न्हाई."

सुहासनं वृषालीकडे पाहिलं. वृषालीनं सुहासकडे. यंत्राचं खरं होतं.

खरं ठरलेलं यंत्र खोट्या यंत्रापेक्षा भयंकर असतं. सुहासनं पुढचं सगळं सांगून टाकलं. अठ्ठावन्न, त्रेसष्ट ते सत्तर मिनिटं, आत वळताना. तेजा ऐकत राहिला. रश्श्यावर तवंग गोठला.

"म्हणजे मला बसवताय," तो म्हणाला.

"अजून काही भरलेलं नाही."

"दाजी, माझ्या गुडघ्याचं मला म्हायती नसंल आणि तुमच्या पडद्याला असंल?"

"पडद्यानं मागच्या वर्षी बंड्याचा घोटा सांगितला होता. तू ऐकलं नाहीस, बंड्यानं ऐकलं नाही. बंड्या आता समालोचन करतो."

तेजा उठला. हात धुतला. दारात वळून म्हणाला, "बसवलंत तर बसवा. पण मग उद्यापास्नं दाजी म्हणणार न्हाई. इंगवले म्हणीन."

ही धमकी ऐकायला किरकोळ वाटते. पण लग्नाला अठरा वर्षं झालेला माणूस जाणतो, की एकदा मेहुणा आडनावावर आला की बायको 'अहो'वरून 'ऐका'वर येते आणि पुढचा रस्ता उताराचा आहे.

*

पाच वाजता सुहास तालमीत गेला. वस्ताद हिंदुराव चौगले दारातल्या खुर्चीत पायजमा सावरून बसले होते. वय एकोणसत्तर. एकेकाळी कुस्ती, मग फुटबॉल. आता दोन्हींवर देखरेख. तालमीत कोणतीही नवी वस्तू आधी वस्तादांना लागायची आणि मग वापरात यायची. नवा चेंडू एक रात्र त्यांच्या उशाला, नवी शिट्टी आधी त्यांच्या तोंडाला. नवऱ्या मुलाची नवी मोटारसायकलसुद्धा आधी वस्ताद एक चक्कर मारून आणत, आणि मग तिचं जे काय व्हायचं ते होई. यात कोणाला काही विशेष वाटत नसे.

सुहासनं अडचण सांगितली. वस्तादांनी डोळे मिटून ऐकली.

"उजवा का?"

"उजवा."

"साठ मिनिटं गप बसतंय न्हवं?"

"हो."

"मग वळताना आतनं करकर. जात्यात खडा आल्यागत. आन् मग वरनं कुणी कळशी वतल्यागत गार पडतंय खाली पोटरीपत्तोर."

सुहास थक्क झाला. "तुम्हाला कसं कळलं, वस्ताद?"

"वस्ताद हाय मी," वस्ताद म्हणाले. पुढं बोलणं त्यांना कमीपणाचं वाटलं. पन्नास वर्षं त्यांनी तालमीत 'दुखतंय' हा शब्द उच्चारू दिला नव्हता. स्वतःला तर नाहीच.

"मग काय करू? बसवू?"

"बसवायचं कशाला? मागं उभा कर की. स्टॉपर. मागं उभं ऱ्हायचं, हात दावायचा, दुसऱ्यांनी पळायचं. मी शेवटची सात वर्सं तसाच खेळलो. कुणाला कळलं न्हाई."

सुहास घराकडे जवळजवळ पळतच आला.

तोपर्यंत त्यानं तेजाला बऱ्याच ठिकाणी उभं करून पाहिलं होतं. चार-चार-दोन, गुडघा पंचावन्न वेळा. पुढं एकटा, बावन्न. निराशेच्या भरात गोलीसुद्धा केला होता. तिथंही चेंडू लाथाडताना एक्केचाळीस वेळा गेला. तेजाला मागं ठेवायचं मात्र त्याच्या मनात आलं नव्हतं. तेजा आणि बचाव हे दोन शब्द कोल्हापुरात कोणी एका वाक्यात घातले नव्हते.

पाच-तीन-दोन. तेजा मधोमध, सगळ्यांच्या मागं. शंभर सामने.

जिंकण्याची शक्यता सत्तावन्न. गुडघा, बारा.

सुहासनं एक सामना लावून पाहिला. पाहिला आणि खुर्चीत पुढं सरकला. तेजाचं सोंग पळत नव्हतं. कमरेवर हात ठेवून उभं होतं. मधूनच हात लांबवून दाखवे आणि बाकीची दहा सोंगं त्या हाताप्रमाणे इकडून तिकडं जात. चेंडू आपणहून त्याच्या पायाशी येई. ते एक पाय पुढं करी, बस्स. मध्यंतराची शिट्टी वाजायच्या आधीच ते खाली बसलं, पण तेवढं एक सोडलं तर खेळ राजासारखा होता.

"आयुष्यभर पुढं पळत राहिला," सुहास वृषालीला म्हणाला, "आणि उपजत होता बचावाचा. नुसता जांघियानं ओळखला."

वृषालीनं घड्याळ पाहिलं. पाच वाजून बावन्न. तिनं भावाचं सोंग पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हा असा उभा राहतो?" ती म्हणाली. "कमरेवर हात ठेवून? हा तर रांगेतसुद्धा उड्या मारतो."

"ताणात माणूस बदलतो."

"बारा म्हणजे आठातला एक."

"हो."

"आठातला एक माझ्या लॅबमध्ये रोज येतो, अहो. रोज. चालत येतो, रिपोर्ट घेतो, बाकावर बसतो."

"मग? काढू?"

पाच पंचावन्न. रस्त्यावर तोफखान्याची पोरं हलगी तापवत होती.  वृषाली पदराला हात पुसायला गेली आणि दुपट्टा आहे हे आठवून थांबली.

"त्याला विचारा," ती म्हणाली.

सुहासनं फोन लावला. "स्टॉपर?" तेजा किंचाळला. "दाजी, मी जन्मात कधी मागं बघितलं न्हाई! गाडीला आरसा पण न्हाई माझ्या!"

"नव्वद मिनिटं मैदानात राहशील. नोंद होईल. फक्त पळायचं नाही."

 पाच सत्तावन्न.

"चालंल," तेजा म्हणाला.

"ताईची शपथ घे. पळणार नाहीस."

"ताईची शपथ."

पाच अठ्ठावन्नला सुहासनं हिरवं बटण दाबलं. कुलूप पडलं. बटण दाबल्यावर त्याच्या लक्षात आलं, की ज्या बहिणीची शपथ घेतली ती शेजारीच उभी होती आणि तिला कोणी विचारलं नव्हतं.

*

रविवारी चारला स्टेडियम भरलं. समोर दगडी चावडी तरुण मंडळ. यादी वाचली गेली तेव्हा तेजाचं नाव बचावात ऐकून तोफखान्याची बाजू आधी हसली, मग गप्प झाली, मग सुहास कुठं बसलाय ते शोधू लागली.

सुहास राखीव खेळाडूंच्या बाकामागे पडदा मांडीवर घेऊन बसला होता. सामना चालू असताना पडद्यावर सोंग नसे. नुसत्या रेषा असत, प्रत्येक खेळाडूच्या सांध्यांवरचा ताण दाखवणाऱ्या. सुहासनं अकरा नंबरच्या उजव्या गुडघ्याची रेषा तेवढी मोठी करून ठेवली. वृषाली वरच्या पायरीवर होती. तिला बाकसुद्धा बघवत नव्हता. ती गोलपोस्टाकडे बघत होती.

तेजा शपथेला जागला. तो उभा राहिला. पण राजासारखा नव्हे. पायाखाली तापलेला पत्रा असावा तसा. हात दाखवायचं तो विसरत होता. दाखवला तर चुकीच्या दिशेला दाखवत होता. बाकीच्या बचावानं त्याला सांभाळून घेतलं. पहिला अर्धा शून्य-शून्य.

सुहासला मात्र एक गोष्ट खटकत होती. तेजा उभा होता आणि रेषा चालत होती. दहा पावलं, वळण, दहा पावलं, वळण. सिग्नलला उशीर होत असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. बाकासमोर वस्ताद येरझाऱ्या घालत होते, त्यामुळे मैदानातलं अर्धं दिसतही नव्हतं.

"वस्ताद, बसा की," तो म्हणाला.

"आज अंतिम सामना हाय," वस्ताद म्हणाले.

साठावं मिनिट. रेषा पिवळी झाली. एकसष्ट. बासष्ट.  त्रेसष्ट. चौसष्ट. आठातला एक. पासष्टाव्या मिनिटाला दगडी चावडीचा कॉर्नर तेजानं डोक्यानं परतवला आणि रेषेत काहीच हललं नाही, तेव्हा सुहासला हायसं वाटलं, तेवढंच.

सदुसष्टाव्या मिनिटाला चेंडू तेजाच्या पायाशी आला. समोर चाळीस यार्ड कोणीही नव्हतं.

शपथ घेताना माणसासमोर मोकळं मैदान नसतं. तेजा पळाला.

"पळू नको!" सुहास ओरडला. "गुडघा! तेजा, गुडघा!"

"माघारी फिर!" वस्ताद गरजले, आणि तेजाला अडवायला म्हणून कडेच्या रेषेवरून त्याच्याबरोबर धावू लागले. एकोणसत्तर वर्षांचा तो देह दहा पावलं असा धावला, की समोरच्या पेठेनंही शिट्ट्या मारल्या. तेजानं एकाला चकवलं. दुसऱ्याला. डावीकडून आत वळला.

पडदा लाल झाला. क्रमांक अकरा. उजवा गुडघा. निकामी.

सुहासनं डोळे मिटले. त्याला अठरा वर्षं एकदम दिसली. तेजा सायकलवर पुढच्या दांडीला बसून मॅच बघायला यायचा ती, आणि पुढची, ज्यांत तो काठी घेऊन दारात येईल आणि इंगवले म्हणेल.

मग प्रेक्षकांतून "आयाया" असा आवाज आला आणि त्यानं डोळे उघडले. तेजा पळत होता. त्यानं मारलेला चेंडू पोस्टाला लागून परत आला होता. तो दगडी चावडीच्या मधल्या फळीतल्या एकानं उचलला, पुढं ढकलला, आणि तोफखान्याच्या गोलसमोर जिथं स्टॉपरनं उभं राहायचं असतं तिथं गवत होतं. एक-शून्य. तेजा दोन्ही पायांनी उड्या मारून स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत होता.

कडेच्या रेषेवर वस्ताद आडवे पडले होते.

डॉक्टर धावले, सुहास धावला. वृषाली पायऱ्या उतरून आली. वस्तादांचा चेहरा पांढरा पडला होता, पण ते 'दुखतंय' म्हणाले नाहीत. "गार पडलंय," एवढंच म्हणाले.

डॉक्टरनं पायजमा वर सारला. आत काळा, घट्ट, गुडघ्याखाली चार बोटं उतरणारा जांघिया होता. मांडीवर आकडा चमकत होता. अकरा.

 वृषाली म्हणाली, "बाटलीवरचं नाव."

"हे काय, वस्ताद?" सुहासनं विचारलं.

"काय म्हंजे?" वस्तादांना प्रश्नच कळेना. "संघातल्या थोरल्या खेळाडूचा नवा जांघिया आधी वस्तादाच्या अंगाला लागतोय. अंतिम सामना हुईस्तोवर उतरवायचा न्हाई. शकुन असतोय. कोरा कपडा कोण घालून उतरतंय व्हय मैदानात?"

"आणि तेजा?"

"त्येनं जुना घातलाय की. त्यावर बी अकराच हाय."

दहा दिवस आणि दहा रात्री. रात्री तीनदा उठणं. पहाटे चार. कमरेवरचा हात. सुहास हातातल्या लाल पडद्याकडे बघत उभा राहिला. यंत्र एका मिनिटानंही चुकलं नव्हतं.

तेजा पूर्ण नव्वद मिनिटं खेळला. तोफखाना एक-शून्य हरला. पेठेनं सुहासला आठवडाभर पाण्याच्या वेळा विचारल्या नाहीत, आपल्या आपण बघून घेतल्या. तेजाला त्याचं काही नव्हतं. त्याचा गुडघा शाबूत होता, नोंद झाली होती, आणि तो सुहासला दिवसातून दहादा दाजी म्हणत होता. वस्तादांना इस्पितळात भेटायला जाताना त्यानं कळंब्याच्या मुलीलाही नेलं. वस्तादांनी दोघांना आशीर्वाद दिला आणि लग्नाचा नवा सूट आधी आपल्याकडे पाठवायला सांगितलं.

सुहासनं मात्र कंपनीला अर्ज केला, की एका नंबरावर दोन जांघिये चालू होते, नोंद तपासावी. कंपनीचं उत्तर आलं, की एका नंबरावर दोन नोंदी आल्यास यंत्र नव्या जांघियाची धरतं, कारण नव्या जांघियाच्या तारा अधिक अचूक असतात.

खात्याचं पत्र जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. ते वृषालीनं वाचलं, मग सुहासनं, मग तेजाकडे दिलं.

'उमेदवाराचे जन्मदाखल्यानुसार सामन्याच्या दिनांकास वय २९ वर्षे ११ महिने. यंत्रनोंदीनुसार उजव्या गुडघ्याचे वय ६९ वर्षे. पदासाठी कमाल वयोमर्यादा ३० वर्षे. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'